काय बदलले, कोणासाठी?
ग्रंथालय-प्रणालीच्या आवृत्ती-टिपणांचे एक वाचन

प्रस्तावना, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, मलपृष्ठावरचा मजकूर, शुद्धिपत्र ही पुस्तकाच्या उंबरठ्यावरची लेखने आहेत. मुख्य मजकुराकडे जाताना वाचक ती ओलांडतो आणि बहुधा विसरतो. तरीही मराठी अभ्यासकांनी त्यांतल्या प्रस्तावनांना बराच मान दिला आहे. अशाच उंबरठ्यावरच्या, पण अजून कोणी हातात न घेतलेल्या एका लेखनप्रकाराविषयी इथे लिहायचे आहे. संगणकावर चालणाऱ्या एखाद्या प्रणालीची नवी आवृत्ती निघाली, की तिच्यासोबत एक निवेदन प्रसिद्ध होते. जुन्या आवृत्तीत काय बदलले, काय नवे आले, काय काढून टाकले, कोणती चूक दुरुस्त झाली आणि नवी आवृत्ती बसवताना काय जपायचे, हे त्यात सांगितलेले असते. इंग्रजीत त्याला 'रिलीज नोट्स' म्हणतात. मी 'आवृत्ती-टिपण' हा शब्द वापरतो.

प्रणाली कुठलीही घेता आली असती. मी ग्रंथालयांसाठीची मुक्त स्रोत प्रणाली घेतली, याला दोन कारणे आहेत. पहिले, ग्रंथालय हा आपल्या वाचनव्यवहाराचा कणा आहे आणि त्याचा कारभार आता वहीतून पडद्यावर चालला आहे. दुसरे, मुक्त स्रोत प्रणालीचे टिपण विक्रीच्या जाहिरातीसाठी लिहिलेले नसते. विकायचे काही नसताना माणसे बदलाविषयी कशी लिहितात, हे त्यातून पाहायला मिळते. माझे म्हणणे थोडक्यात असे: या टिपणांनी देणाऱ्यांची नोंद फार चांगली ठेवली आहे, घेणाऱ्याची मात्र ठेवलेली नाही. आणि जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या गावातला ग्रंथपाल हा असा नोंदीबाहेर राहिलेला घेणारा आहे.

'सुधारून वाढवलेली आवृत्ती'

हा प्रकार आपल्याला अगदी परका नाही. छापील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना हे त्याचेच जुने रूप. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. पहिल्या आवृत्तीत पंचवीस हजार शब्द होते आणि दुसरीत ते साठ हजारांवर गेले, हे दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. पहिली आवृत्ती जवळ असलेल्या माणसाला दुसरी घ्यावी की नाही, हे त्या दोन आकड्यांवरून ठरवता येत होते. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुढे १९५० मध्ये पुरवणी विभाग आला. आधीचे खंड बाजूला न टाकता, त्यांत राहून गेलेले शब्द वाचकाच्या हाती वेगळे देणे, हीही बदल सांगण्याचीच एक प्रामाणिक रीत.

पुढे मात्र ही सवय सैल झाली. 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' हे शब्द मुखपृष्ठावर राहिले. काय सुधारले आणि काय वाढवले, हे सांगणारे पान गळाले. कित्येक पुस्तकांत आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरकही पाळला जात नाही. आधीच्या आवृत्तीतले एखादे प्रकरण गाळले गेले, तर ते दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाने मोजणाऱ्यालाच कळते. आवृत्ती-टिपणाचा विचार करताना ही आपली घरची उणीव लक्षात ठेवलेली बरी. जे आपण पुस्तकांच्या बाबतीत सोडून दिले, ते संगणकवाल्यांनी शिस्तीने पाळले आहे.

लेविन गावातली भेट

'कोहा' ही ग्रंथालय-प्रणाली न्यूझीलंडमधली. तिथल्या होरोव्हेनुआ या छोट्या जिल्ह्यातील ग्रंथालय न्यासाकडे जी जुनी प्रणाली होती, ती २००० साल उजाडताच तारखांच्या घोळात अडकेल अशी भीती होती. नवी विकत घेणे परवडणारे नव्हते, आणि दूरध्वनीच्या साध्या तारांवरून शाखा जोडाव्या लागत असल्याने मोठ्या शहरांसाठी बनवलेली प्रणाली तिथे चाललीही नसती. न्यासाने १९९९ मध्ये काटिपो या छोट्या कंपनीकडून स्वतःपुरती प्रणाली लिहून घेतली. ती ३ जानेवारी २००० रोजी लेविन गावच्या ग्रंथालयात सुरू झाली. त्यानंतर न्यासाने आणि कंपनीने ती सगळ्या जगासाठी खुली केली: कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी आणि केलेला बदल परत सर्वांना द्यावा.

'कोहा' हा माओरी शब्द आहे. पाहुणा यजमानाकडे जाताना जी भेट घेऊन जातो ती कोहा. या भेटीत परतफेडीची अपेक्षा धरलेली असते. पण ती हिशेबाची परतफेड नसते, नाते चालू ठेवण्याची असते. प्रणालीला हे नाव देणाऱ्यांनी मुक्त स्रोताचा सगळा व्यवहार एका शब्दात सांगितला.

सुरुवातीला कोहाच्या आवृत्त्यांचे क्रमांक इतर प्रणालींसारखे चढत जात. ३.२२ नंतर, २०१६ पासून, क्रमांकात वर्ष आणि महिना आला: मे २०१६ ची आवृत्ती १६.०५, नोव्हेंबरची १६.११. तेव्हापासून दरवर्षी मे आणि नोव्हेंबर अशा दोन मोठ्या आवृत्त्या निघतात आणि मधल्या महिन्यांत दुरुस्तीच्या लहान आवृत्त्या. प्रत्येकीला स्वतःचे टिपण असते. मासिकांच्या वर्गणीदाराला ही लय ओळखीची वाटेल. महिन्याचा अंक ठरल्या वेळी काढायचा, ही जबाबदारी इथे जगभर विखुरलेली माणसे पाळतात, आणि प्रत्येक आवृत्तीची जबाबदारी कोणावर, हे आधी ठरवून जाहीर केलेले असते.

टिपणाची घडण

मोठ्या आवृत्तीचे टिपण उघडले, तर क्रम साधारण ठरलेला दिसतो. आधी प्रणालीची दोन वाक्यांत ओळख, मग ती बसवण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी. सुरक्षिततेशी संबंधित दुरुस्ती असेल, तर ती वरच. त्यानंतर नव्या सोयी, सुधारणा, चुकांची दुरुस्ती. हे सर्व प्रणालीच्या विभागांप्रमाणे मांडलेले असते: देवघेव, तालिकीकरण, ग्रंथखरेदी, सभासद, नियतकालिके, अहवाल, शोध. पुढे नव्या सिस्टिम प्रेफरन्सची, म्हणजे ग्रंथालयाने स्वतः ठरवायच्या नियमांची यादी. त्यानंतर माहितीपुस्तिका, भाषांतरे आणि शेवटी श्रेयनामावली.

प्रत्येक बदलाच्या आधी चौकटी कंसात एक आकडा असतो. बदलाची सूचना पहिल्यांदा नोंदवली गेली, त्या नोंदीचा तो क्रमांक. मे २०२२ च्या २२.०५ या आवृत्तीत एका सभासदाकडे गेलेले पुस्तक दुसऱ्यासाठी परत मागवण्याची सोय आली. तिचा क्रमांक १९५३२. त्या क्रमांकाखाली पाहिले, तर पहिल्या मागणीपासून शेवटच्या मंजुरीपर्यंतची सगळी चर्चा, मतभेद, नाकारलेले प्रयत्न वाचता येतात. टिपणातली एक ओळ म्हणजे काही वर्षांच्या बोलण्याचे शीर्षक. आपल्या दाखल नोंदवहीतला दाखल अंक हेच काम करतो: पुस्तकाच्या आतल्या पानावर एक आकडा, आणि त्या आकड्यामागे वहीत तारीख, विक्रेता, किंमत, भेट की खरेदी आणि शेवटी 'शेरा'. चांगला ग्रंथपाल दाखल नोंद खोडत नाही. पुस्तक हरवले, जीर्ण झाले, बाद केले, तर शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहितो. बदल लपवायचा नाही, नोंदवायचा, ही ग्रंथालयाचीच जुनी शिकवण आहे.

या सगळ्यात मला सर्वांत वाचनीय वाटतो तो शेवटचा भाग, श्रेयनामावली. ज्यांनी खर्च उचलला ती ग्रंथालये आणि संस्था, ज्यांनी सांकेतिक मजकूर लिहिला त्या व्यक्ती, ज्यांनी तो तपासला त्या व्यक्ती, अशा वेगवेगळ्या याद्या असतात, आणि नावापुढे कंसात आकडा असतो: इतके बदल लिहिले, इतके तपासले. लिहिणारा आणि तपासणारा यांना स्वतंत्र मान आहे, कारण एकाने लिहिलेले दुसऱ्याने चालवून पाहून त्याखाली आपले नाव घातल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. आपल्याकडे मुद्रितशोधकाचे नाव पुस्तकात कितीदा येते, हे आठवून पाहावे.

यादीच्या शेवटी कोणाचे नाव राहून गेले असल्यास खेद व्यक्त केलेला असतो. 'नजरचुकीने नाव राहिल्यास क्षमस्व' हे वाक्य आपण लग्नपत्रिकेत आणि गावच्या उत्सवाच्या पत्रकात नेहमी वाचतो. इथे त्यापुढे एक पाऊल टाकले आहे: ज्याचे नाव राहिले असेल त्याने याच टिपणाची दुरुस्ती लिहून पाठवावी, असे सुचवले आहे. क्षमा मागून विषय संपत नाही, चूक दुरुस्त करण्याचा रस्ताही दिला जातो. तळाला एक माओरी म्हण असते. तिचा आशय असा, की अनेक हात लागले की काम पुरे होते. आपले 'गाव करी ते राव न करी' तिच्या फार दूर नाही.

देयधम्म

दिलेल्याची अशी नोंद जुन्नरला नवी नाही. जीर्णनगर म्हणून ओळखल्या गेलेल्या या गावाभोवती लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा या डोंगरांत जी लेणी आहेत, त्यांतले ब्राह्मी लेख बहुतेक दानाचे आहेत. त्यांची वाक्यरचना ठरलेली: कुठला, कोणाचा मुलगा, नाव काय, दिले काय. आणि मग 'देयधम्म' हा शब्द, म्हणजे धर्मार्थ दिलेली भेट. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने दिल्याचे तिथे कोरले आहे. मानमोडीला नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने दिलेली पाण्याची पोढी आणि मंडप यांची नोंद आहे, वर्ष ४६ अशी कालगणनाही आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेखही या लेखांत आहे.

कोहाची श्रेयनामावली आणि हे लेख यांत साम्य दाखवणे सोपे आहे, आणि भेट या अर्थाचे दोन शब्द दोन टोकांच्या भाषांतून समोर आल्यावर मोहही होतो. पण इथे उपयोगी पडते ते या लेखांचे एक वेगळे वैशिष्ट्य. ते कोरले आहेत त्या वस्तूपाशीच. पोढीचा लेख पोढीजवळ, चैत्यगृहाचा लेख चैत्यगृहावर. पाण्याला आलेल्या भिक्षूला ही पोढी कोणाची आणि कशासाठी, हे शोधायला दुसरीकडे जावे लागत नव्हते. आणि दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या भाषेत सांगितली होती: पोढी, मंडप, लेणे, भोजनाची जागा. टाक्याची खोली किती, छिन्नी कुठली वापरली, पाझर कसा अडवला, हे कोरणाऱ्याला माहीत होते. ते त्याने लिहिले नाही. घेणाऱ्याला लागेल तेवढेच लिहिले. कारागिराचे ज्ञान आणि वापरणाऱ्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या एका ओळीत पाळलेले दिसते. आवृत्ती-टिपण घसरते ते नेमके इथे.

घेणारा कुठे आहे?

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत हजारो ग्रंथालये मान्यता घेऊन चालतात. त्यांतल्या ड वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान ग्रंथालयात बहुधा एकच माणूस असतो. तोच दार उघडतो, वर्तमानपत्रे मांडतो, देवघेव करतो, वर्गणीची पावती फाडतो, अनुदानाचे कागद भरतो. तालुक्यातल्या महाविद्यालयांची स्थिती बरी असते. तिथे प्रशिक्षित ग्रंथपाल असतो आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची 'सोल' किंवा दुसरी एखादी प्रणाली त्याला परिचित असते. पण गावच्या सार्वजनिक वाचनालयात संगणक आला, तर तो चालवायचा त्या एकाच माणसाने. कोहाची प्रणाली त्याला फुकट मिळू शकते. तिचे टिपणही फुकट मिळते. प्रश्न असा, की ते वाचून त्याला काय कळते?

टिपणातल्या चुकांच्या दुरुस्तीचा भाग मुख्यतः यंत्राने जुळवलेला असतो. बदलांच्या नोंदवहीतून शीर्षके उचलून एक छोटी आज्ञावली ती विभागवार मांडते. ही शीर्षके लिहिणाऱ्याने दुसऱ्या लिहिणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. अमुक फाइलमधली अमुक ओळ निरुपयोगी होती ती काढली, अमुक चाचणी अधूनमधून फसत होती ती सुधारली, असे त्यांचे वळण. जो ती फाइल कधी उघडणार नाही, त्याला हे वाचून काही मिळत नाही, उलट भीती वाटते. ही उणीव समूहाच्या लक्षात आलेली आहे. प्रत्येक बदलाच्या नोंदीत 'टिपणात घालायचा मजकूर' असा वेगळा रकाना ठेवला गेला, आणि तो जिथे नीट भरला जातो, तिथे ओळ एकदम माणसात येते: आधी असे होत होते, आता असे होईल, जुनी पद्धत हवी असेल तर हा नियम बंद ठेवा. पण रकाना भरणे लिहिणाऱ्याच्या इच्छेवर राहते. त्यामुळे एकाच टिपणात दोन वाक्ये ग्रंथपालाशी बोलतात आणि पुढची वीस आपापसांत.

यात खरे नुकसान काय होते, हे मराठीच्या बाजूने पाहिले तर नेमके कळते. कोहात शोधासाठी 'झेब्रा' नावाचे यंत्र बरीच वर्षे वापरात आहे. त्यात अक्षरे ओळखण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक रोमन लिपीला पुरेशी आहे. देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरी, आयसीयू नावाची, निवडावी लागते. ज्याला हे माहीत नाही, त्याने हजारो नोंदी मराठीत भरल्या तरी शोध नीट चालत नाही, आणि तो समजतो की प्रणालीच मराठीची नाही.

त्याहून बारीक गोष्ट आपल्या ऱ्याची. 'वाऱ्यावरची वरात' हे नाव संगणकावर किमान दोन तऱ्हांनी लिहिता येते. एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. जोडचिन्ह गळाले तर रफार उमटतो आणि 'वार्यावरची' असा तिसराच शब्द तयार होतो. तीच गत 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र आले. त्याआधी आणि नंतरही अनेकजण अ वर चंद्र देऊन ते लिहीत आले आहेत. वाचनालयात पुस्तक कपाटात आहे, नोंद संगणकात आहे, वाचक समोर उभा आहे, आणि पडद्यावर उत्तर येते: काही सापडले नाही. शोधयंत्रातला एखादा बदल अशा अक्षरांना एकत्र आणू शकतो किंवा आणखी दूर ढकलू शकतो. असा बदल झाला, तर टिपणात तो 'शोध' या मथळ्याखाली एका तांत्रिक ओळीत येणार. ती ओळ आपल्यासाठी आहे, हे ओळखणारा मराठी वाचक तिथे हवा.

तिसरे उदाहरण नावांचे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव. स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांची नोंद करताना 'आंबेगाव' म्हणजे बुडालेले गाव की तालुका, हे तालिकाकाराला ठरवावे लागते आणि एकावरून दुसऱ्याकडे 'पहा' अशी खूण द्यावी लागते. कोहात अशा अधिकृत नामनोंदी वेगळ्या ठेवता येतात, आणि एक नामनोंद बदलली की तिला जोडलेल्या सगळ्या ग्रंथनोंदी बदलतात. किती नोंदींपर्यंत हा बदल लगेच व्हावा, याची मर्यादा एका सिस्टिम प्रेफरन्सने ठरते. ही सोय मोठी आहे, आणि धोकाही तेवढाच. चुकीच्या ठिकाणी केलेली एक दुरुस्ती पाण्याखालच्या गावाची सगळी पुस्तके तालुक्यात नेऊन ठेवील. अशा नियमात बदल झाला, की तो न वाचणाऱ्याच्या संग्रहालाच धक्का लागतो.

खोडदचे उदाहरण

कोणी म्हणेल, तांत्रिक लेखन असेच असायचे. पण वाचक ठाऊक असेल, तर तांत्रिक लेखनही नेमके होऊ शकते, आणि त्याचा दाखला याच तालुक्यात आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि उरलेल्या तीन दिशांना पसरलेल्या भुजांवर. २००२ पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. गेल्या दशकात तिची मोठी सुधारणा झाली. एका वेळी पकडता येणारा कंप्रतेचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला. हे एका रात्रीत झाले नाही. टप्प्याटप्प्याने नवे भाग जोडले गेले आणि दरम्यान निरीक्षणेही चालू होती.

निरीक्षणाची सत्रे वर्षातून दोन, एप्रिल आणि ऑक्टोबरपासून. कोहाच्या आवृत्त्याही वर्षातून दोन, हा योगायोग. त्या सत्रांसाठी अर्ज करणाऱ्यांना दुर्बिणीची सद्यःस्थिती लेखी कळवली जाते. कोणता पट्टा पूर्ण तयार, कोणता अजून अर्धवट, आणि कोणता वापरायचा तर धोका दोघांनी मिळून पत्करायचा. हा शेवटचा वर्ग मला फार मोलाचा वाटतो. 'हे तयार आहे' आणि 'हे तयार नाही' यांच्या मध्ये एक तिसरे प्रामाणिक वाक्य असते: 'हे चालते, पण आमची अजून खात्री नाही, घ्यायचे तर जाणून घ्या.' हे वाक्य लिहिता येते, कारण लिहिणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो. त्याची निरीक्षणाची वेळ वाया गेली, तर त्याचे काय जाईल, हे त्याला ठाऊक असते.

दुर्बिणीचे वापरकर्ते थोडे आणि एकाच विद्येचे. कोहाचे हजारो, आणि पॅरिसच्या विद्यापीठापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंतचे. म्हणून दोन्हींना एकच माप लावणे बरोबर नाही. पण यातून काम कोणाचे, हे ठरते. जगभरच्या सगळ्यांसाठी लिहिणारा प्रत्येकासाठी लिहू शकत नाही. प्रत्येकासाठीचे टिपण त्याच्या जवळच्या कोणीतरी लिहायचे असते.

मराठी टिपण कसे असावे

कोहाच्या टिपणात भाषांतरांची यादी असते. कोणत्या भाषेत पडद्यावरचे शब्द किती टक्के आले, हे त्यात लिहिलेले असते. हिंदी त्यात दिसते. पण पडद्याचे भाषांतर आणि टिपणाचे मराठी लेखन ही दोन वेगळी कामे आहेत. पडद्यावरचा शब्द एकदा बसला की बसला. टिपण दर वेळी नव्याने विचार करून लिहावे लागते, कारण आपल्याला कोणता बदल लागू आणि कोणता नाही, हे आधी निवडावे लागते. तेव्हा भाषांतरकारापेक्षा इथे संपादक लागतो.

पुस्तक परत मागवण्याच्या त्या १९५३२ क्रमांकाच्या बदलाचे मूळ शीर्षक इतकेच आहे, की कोहासाठी 'रिकॉल्स'. गावच्या ग्रंथपालासाठी मी ते असे लिहीन:

'एका सभासदाने नेलेले पुस्तक दुसऱ्याला तातडीने हवे असेल, तर ते मुदतीआधी परत मागवता येईल. पहिल्याची परतीची तारीख त्यामुळे अलीकडे येते. ही सोय आपोआप सुरू होत नाही. यूज रिकॉल्स हा नियम चालू केला, तरच होते. राखून ठेवण्याची जुनी पद्धत तशीच राहील. आपल्याकडे प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत असेल आणि परीक्षेच्या दिवसांत ओढाताण होत असेल, तर ती चालू करण्याआधी कार्यकारिणीत ठरवा, सभासदांना सांगा; नाहीतर भांडण तुमच्याशी होईल.'

शेवटचे वाक्य इंग्रजी टिपणात कधी येणार नाही, आणि त्यात यायला नकोही. पण देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला खरे लागणारे वाक्य ते आहे. इतर बदलांचेही असेच. २२.११ मध्ये आलेला इलेक्ट्रॉनिक साधनांच्या व्यवस्थापनाचा विभाग महागड्या ऑनलाइन नियतकालिकांसाठी आहे. गावच्या वाचनालयाने तो बिनधास्त सोडून द्यावा, असे एका ओळीत सांगितले की भीती कमी होते. २३.११ मध्ये जतनाचा विभाग आला. जुनी, किडलेली पुस्तके दुरुस्तीला पाठवताना त्यांची साखळी त्यात ठेवता येते. जुन्या हस्तलिखितांचा किंवा एकोणिसाव्या शतकातल्या छापील पुस्तकांचा संग्रह असलेल्या संस्थेने तो जरूर पाहावा, हेही सांगायला हवे. काय वाचायचे आणि काय सोडायचे, हे सांगणे हीच अशा टिपणाची समीक्षा.

या कामाला लागणारा वेळ थोडा आहे. मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोन. प्रत्येकीसाठी दोन पाने मराठीत लिहायची: देवघेवीत काय बदलले, मराठी शोधावर काय परिणाम होईल, कोणता नियम बसवताना तपासावा, नवी आवृत्ती बसवण्याआधी कोणत्या माहितीची प्रत काढून ठेवावी. लिहिणारा ग्रंथालयशास्त्राचा पदवीधर असलाच पाहिजे असे नाही. त्याने प्रणाली वापरलेली असावी, त्याला इंग्रजी टिपण वाचता यावे आणि देवघेवीच्या टेबलापाशी काय घडते हे त्याला माहीत असावे. महाविद्यालयांतले अनेक ग्रंथपाल या तिन्ही अटी पुऱ्या करतात. त्यांच्या लेखनाला आपल्याकडे लेखन म्हटले जात नाही, एवढीच अडचण आहे. ज्या भाषेने मोल्सवर्थच्या काळात शब्दांचा वाढावा मोजून सांगितला, तिला आपल्या वाचनालयाच्या वाढाव्याची दोन पाने लिहिणे जड जाऊ नये.

मूळ टिपणाला दोष देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. त्याने आपले काम बहुतांशी केले आहे. बदल लपवला नाही, केलेल्याचे नाव गाळले नाही, गाळले गेले तर दुरुस्तीचा रस्ता ठेवला. भेट दिली गेली आहे आणि तिची नोंदही आहे. जुन्नरच्या पोढीजवळचा लेख पाण्याला आलेल्याच्या भाषेत होता. या भेटीजवळचा लेख आपल्या भाषेत अजून लिहिलेला नाही. तो देणाऱ्याने लिहावा, अशी वाट पाहत राहिलो तर वाचनालयातला माणूस पडद्यावरचे 'काही सापडले नाही' हे उत्तर खरे मानून वाचकाला परत पाठवत राहील. कोहा या शब्दातच परत देण्याचा अर्थ आहे. मराठीने परत द्यायचे ते हेच: दर सहा महिन्यांनी दोन स्वच्छ पाने.